बाळाचं नाव नंतर ठेवा, नोंद आधी करा : जन्मदाखल्याचे २१ दिवस आणि आपले तालुके

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पन्नाशी-साठीच्या माणसांना जन्मतारीख विचारा. काही जण हमखास ‘१ जून’ सांगतील. कारण सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराकडे बघून वयाचा अंदाज घेतला आणि शाळा उघडण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहून टाकली. त्याच तारखेवर पुढे नोकरी लागली, मतदार यादीत नाव आलं, पेन्शनही सुरू झालं. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत आहे का, हे विचारायची वेळच फारशी कोणावर आली नाही.

आता जन्मणाऱ्या बाळांच्या बाबतीत ही सोय राहिलेली नाही. केंद्राने जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती केली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख आणि जन्मठिकाण सिद्ध करायला जन्मदाखला हाच कागद चालणार आहे. शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी आणि सरकारी नोकरी ही सगळी कामं कायद्यात नावानिशी दिली आहेत. आधी शाळेचा दाखला किंवा आधार दाखवून वेळ निभावता येत होती. या मुलांना तसं करता येणार नाही.

बदल मोठा आहे, पण गावात त्याची चर्चा फारशी नाही. त्याचं कारण असं की फटका आज बसत नाही, तो पुढे बसणार आहे.

अडचण २०२९ मध्ये दिसेल

आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मध्ये जन्मलेली मुलं जून २०२९ मध्ये पहिलीत बसतील. नव्या कायद्याखालची ती पहिली तुकडी. तोपर्यंत अंगणवाडी होईल, लसी होतील, आणि घरात कोणाला वाटणारही नाही की काही राहून गेलंय. शाळेत दाखला मागितला जाईल तेव्हा नोंदणीची सोपी मुदत संपून पाच वर्षं झालेली असतील.

शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे गुरुजी मुलाला वर्गात बसवतील. पण पुढचा प्रत्येक कागद त्या एका दाखल्यापाशी येऊन अडेल.

काही फटका तर आधीच बसतो. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची ‘लेक लाडकी’ योजना आहे. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या घरात मुलगी जन्मली की ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. या योजनेच्या अर्जाला मुलीचा जन्मदाखला लागतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५ हजार मिळतात, त्यातला दुसरा हप्ता जन्मनोंद आणि लसीकरण झाल्यावरच येतो. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६ हजार मिळतात, तिथेही जन्मनोंद लागते. दाखला नाही म्हणून पैसे अडकलेली घरं कुठली, हे आपल्या अंगणवाडी ताईंना विचारलं तरी कळेल.

नोंद गावात नाही, बाळ जन्मलं तिथे

सगळ्यात जास्त हेलपाटे एका गैरसमजामुळे होतात. आपण राहतो त्या गावच्या ग्रामपंचायतीत बाळाची नोंद होते, असं अनेकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. बाळ ज्या ठिकाणी जन्मलं, त्या ठिकाणच्या निबंधकाकडेच नोंद होते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सासर केज तालुक्यात, माहेर परांडा तालुक्यात आणि बाळंतपण बार्शीच्या खासगी दवाखान्यात, असं असेल तर नोंद बार्शी नगरपरिषदेत होईल. केजच्या किंवा परांड्याच्या ग्रामसेवकाकडे कितीही चकरा मारल्या तरी तो नोंद करू शकत नाही. त्याने ‘इथे होत नाही’ म्हटलं तर ते बरोबरच आहे. फक्त ‘मग कुठे होते’ हेही त्याने सांगायला हवं. तिथेच माणूस अडतो.

साधा हिशोब असा:

– सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तर नोंदणीची व्यवस्था बहुतेक ठिकाणी दवाखान्यातच असते. डिस्चार्जच्या आधी तिथेच विचारा.

– खासगी दवाखान्यात झालं तर माहिती कळवायची जबाबदारी दवाखान्याची. शहर असेल तर ती नगरपरिषद किंवा नगरपंचायतीत जाते, गाव असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीत.

– घरी झालं तर माहिती द्यायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. त्याच गावच्या ग्रामपंचायतीत जायचं. आशाताईंना लगेच कळवलं की काम सोपं होतं.

– रुग्णवाहिकेत किंवा जीपमध्ये वाटेतच झालं तर नियमाने गाडी जिथे पहिली थांबते तिथे माहिती द्यायची. बाळ-बाळंतिणीला ज्या दवाखान्यात नेलं, तिथल्या कागदावर ‘वाटेत प्रसूती’ असं लिहून घ्या.

दवाखान्याने माहिती पाठवणं ही मेहेरबानी नाही. कायद्याने ते बंधनकारक आहे आणि न पाठवल्यास दंडाची तरतूद आहे. तरीही ‘दवाखान्याने पाठवलं असेल’ असं गृहीत धरू नका. दहा-बारा दिवसांनी एकदा निबंधकाकडे विचारून खात्री करा.

चूक केसपेपरवर होते

दाखल्यावरची नावं चुकली की लोक ग्रामसेवकाला किंवा नगरपरिषदेच्या बाबूला बोल लावतात. पण बहुतेक वेळा चूक त्याच्या टेबलावर झालेली नसते. ती झालेली असते रात्री दोन वाजता, केसपेपर काढताना. सोबत आलेली मावशी किंवा नणंद घाईत नाव सांगते. घरात सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच नाव लिहिलं जातं. सासरचं नाव एक, माहेरचं दुसरं, आधारवर तिसरंच. तेच नाव डिस्चार्ज कार्डावर येतं, तिथून जन्माच्या अहवालात, म्हणजे नमुना १ मध्ये, आणि तिथून दाखल्यावर.

नमुना १ भरताना आई-वडिलांचा आधार क्रमांक असेल तर तो द्यायचा, असं दुरुस्त कायदा सांगतो. ‘असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आधार नाही म्हणून नोंदच नाकारणं कायद्यात बसत नाही. पण आधार असेल तर त्यावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आधारवर माहेरचंच नाव, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी आहे. नाव बदलायचं असेल तर ते बाळंतपणाच्या आधी बदलून घ्या. बदलायचं नसेल तर आधारवर आहे तेच नाव केसपेपरवर सांगा. दोन्ही चालतं. अर्धं हे आणि अर्धं ते असं केलं की पुढे अडचण येते.

इंग्रजी स्पेलिंगचंही तसंच आहे. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघतो. ‘शिंदे’च्या शेवटी एक ई की दोन, ‘मुंढे’ की ‘मुंडे’, यावर पुढे पासपोर्टपर्यंत सगळं अडू शकतं. फॉर्मवर सही करण्यापूर्वी घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला एकदा वाचायला लावा.

राज्याचा आणखी एक निर्णय इथे लक्षात ठेवायला हवा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरलेला आहे. म्हणजे आईच्या नावातली चूक आता फक्त आईच्या रकान्यात राहत नाही. ती थेट मुलाच्या नावात जाऊन बसते.

बारशासाठी थांबू नका

नोंद लांबण्याचं दुसरं घरगुती कारण म्हणजे नाव. ‘बारसं झालं की नाव घालून एकदमच करू.’ मग बारसं लांबतं. कधी सुतक येतं, कधी आत्याला सुट्टी मिळत नाही. तोवर महिना उलटून जातो.

नाव नसतानाही जन्मनोंद होते. जन्माची तारीख, ठिकाण, मुलगा की मुलगी आणि आई-वडिलांची माहिती एवढ्यावर नोंद करून घ्यायची. बाळाचं नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. मात्र एकदा घातलेलं नाव हौस म्हणून बदलून मिळत नाही. लिहिण्यातली चूक दुरुस्त होते. नावच बदलायचं हा वेगळा आणि लांबचा रस्ता आहे. म्हणून नोंदीची घाई करा आणि नाव मात्र सावकाश ठरवा.

पिशवीत काय ठेवायचं

बाळंतपणाला जाताना कपड्यांच्या पिशवीत एक प्लास्टिकचं पाकीट असू द्या. त्यात:

१) आई-वडिलांच्या आधारची झेरॉक्स.
२) माता व बाल संरक्षण कार्ड. आशाताई किंवा सिस्टरकडून मिळतं. त्यावरचं आईचं नाव आधारशी जुळतं का, हे आधीच बघा.
३) रेशनकार्डाची झेरॉक्स, पत्त्यासाठी.
४) चालू मोबाईल नंबर. मुकादमाचा किंवा शेजाऱ्याचा नको, घरातला द्या.
५) आईचं आणि वडिलांचं पूर्ण नाव, मराठी आणि इंग्रजीत, एका कागदावर स्वच्छ अक्षरात. केसपेपर काढणाऱ्याच्या हातात तोच कागद द्यायचा.

घरी येताना डिस्चार्ज कार्ड घ्या आणि ते जपून ठेवा. दाखला हातात पडला तरी ते फेकू नका.

लग्नाचा दाखला काही ठिकाणी मागतात. आईचं नाव दोन कागदांवर वेगळं असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. पण तो नाही म्हणून जन्माची नोंदच करायची नाही, असं कायदा म्हणत नाही. एकल पालक किंवा अविवाहित मातेच्या बाबतीत ती स्वतः माहिती देऊ शकते, हे दुरुस्त कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. अविवाहित मातेला बाळाचा जन्मदाखला नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं होतं. गावात अशी एखादी मुलगी तोंड लपवून फिरत असेल, तर तिला ही गोष्ट कोणीतरी नीट सांगायला हवी.

मुदतीच्या तीन पायऱ्या

जन्मापासून २१ दिवसांत माहिती दिली तर नोंद फुकट. नोंद झाल्यापासून सात दिवसांच्या आत दाखल्याची पहिली प्रतही फुकट द्यायची, असं कायदा सांगतो. इथे कोणी ‘चहापाणी’ मागत असेल तर तो फीचा भाग नाही.

२१ ते ३० दिवसांत गेलात तर किरकोळ विलंब शुल्क भरून काम होतं. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. सोबत स्वतः सही केलेलं कागदपत्र पुरतं. पूर्वीसारखं नोटरीपुढचं शपथपत्र या टप्प्याला कायद्याने काढून टाकलं आहे. वर्ष उलटलं की प्रकरण महसूल खात्याकडे जातं. जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो.

ही शेवटची पायरी गेल्या काही काळात फार उंच झाली आहे. उशिराच्या नोंदींवरून राज्यात मोठं वादळ उठलं. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना खोट्या कागदांवर दाखले दिल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने उशिराच्या नोंदींचं काम थांबवलं आणि विशेष तपास पथक नेमलं. मार्च २०२५ मध्ये महसूल विभागाने नवी कार्यपद्धती आणली. त्यात पुराव्यांची छाननी, जाहीर सूचना, पोलिसांचा अभिप्राय आणि माहिती खोटी निघाली तर फौजदारी कारवाई आहे. नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश रद्द करण्याची मोहीम निघाली. नुसत्या आधारवर दिलेले उशिराचे दाखलेही टिकणार नाहीत, असं २०२५ च्या अखेरीस सांगितलं गेलं.

खोटे दाखले शोधायलाच हवेत, यात दुमत नाही. जिथे एकच कागद सगळ्याचं मूळ ठरतो, तिथे तो कागद खरा असणं गरजेचं आहे. पण या चाळणीत सगळ्यात आधी अडकतो तो पुरावा नसलेला माणूस. घरी जन्मलेलं मूल, फडावर जन्मलेलं मूल, आई वारल्यावर आजीने वाढवलेलं मूल. ही मुलं इथलीच आहेत, त्यांचे आजे-पणजे इथल्याच मातीत गेले. पण जन्माच्या वेळी कोणी कागद केला नाही, आणि आता कागदाला पुरावा म्हणून दुसरा कागद मागितला जातो. अर्ज करायचाच असेल तर आधी ‘नोंद उपलब्ध नाही’ हा दाखला घ्या. मग दवाखान्याची नोंद, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, जे असेल ते गोळा करा. एजंटाने ‘मी करून देतो’ म्हटलं तर सावध व्हा. खोटा कागद लागला तर गुन्हा अर्जदारावरही येतो.

कोयता आणि दाखला

आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न इथे आहे. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून लाखो माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा, थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत. कोयता म्हणजे जोडपं, त्यामुळे गरोदर बाईही सोबतच जाते. बाळ कोपीवर जन्मतं नाहीतर कारखान्याजवळच्या दवाखान्यात. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून नगरपरिषदेत जायला कोणाला दिवस मिळत नाही. फड संपला की ट्रॅक्टर पुढच्या गावी जातो.

एप्रिलमध्ये माणसं गावी परततात तेव्हा २१ दिवस कधीच गेलेले असतात. गावचा ग्रामसेवक सांगतो की जन्म इथला नाही. तेही कायद्याने बरोबर. आता शिरोळला किंवा चिक्कोडीला कोण जाणार, कोणत्या भाड्याने, आणि कोणाला भेटणार? वर्ष निघून जातं. ते मूल महसूल खात्याच्या पायरीवर येऊन बसतं, तेही दुसऱ्या जिल्ह्याच्या, कधी दुसऱ्या राज्याच्या.

ज्यांचं बाळंतपण हंगामात आहे त्यांनी दोन गोष्टी तरी कराव्यात. एक, कोपीवर जन्म झाला तरी दुसऱ्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात बाळाला दाखवावं आणि तारखेसह कागद घ्यावा. दोन, ते ठिकाण ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं तिचं नाव, तालुका, जिल्हा लिहून ठेवावा. परत आल्यावर ‘कारखान्याजवळ कुठेतरी’ एवढ्यावर नोंद सापडत नाही. कर्नाटकात जन्म झाला तरी घाबरायचं कारण नाही. कायदा केंद्राचा आहे, तिथला दाखला इथे चालतो, आणि त्यावर कन्नडसोबत इंग्रजीही असतं.

मग करायचं काय?

सगळा भार आई-बापावर टाकून भागणार नाही. जिल्हा प्रशासनाला, फार खर्च न करता, चार गोष्टी करता येतील.

पहिली, डिस्चार्जच्या वेळी नमुना १ ची प्रत नातेवाइकांना वाचून दाखवून सही घेणं सगळ्या दवाखान्यांना सक्तीचं करावं. दुसरी, आशाताईंकडे गरोदर बायांची यादी असतेच. सातव्या महिन्याच्या भेटीत आधारवरचं नाव तपासायचं, एवढं एक काम त्यात वाढवावं. आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. तिसरी, ऊसतोड कामगारांची नोंद ग्रामपंचायतीकडून होते, स्वर्गीय गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळही आहे. जाणाऱ्या गरोदर बायांची यादी कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवली, तर नोंद तिथल्या तिथे होईल. चौथी, मे महिन्यात गावोगाव शिबिर घ्यावं. बाहेर जन्मलेल्या आणि वर्षाच्या आतल्या बाळांचे अर्ज इथे भरून घ्यावेत आणि त्या-त्या जिल्ह्याच्या निबंधकाकडे प्रशासनानेच पाठवावेत.

निबंधकाने नोंद नाकारली किंवा दाखला अडवला तर गप्प बसू नका. नकार लेखी मागा. दुरुस्त कायद्याने ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्यावर ९० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तोंडी नकारावर अपील करणं अवघड जातं, म्हणून अर्ज द्या आणि पोच घ्या.

जून २०२९ ला अजून अवकाश आहे. पण ज्या बाळांचं वर्ष अजून पूर्ण व्हायचंय, त्यांची मुदत आजही चालू आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी असं बाळ असेल तर एकच प्रश्न विचारा: दाखला आणला का? ‘अर्ज दिलाय’ असं उत्तर आलं तर पोच बघा. आणि ‘अजून बारसं व्हायचंय’ असं म्हणाले, तर बारशाची वाट न बघता त्यांना उद्याच सोबत घेऊन जा.